अडीच महिन्यांचं दुकान

हापूसचा घरपोच धंदा खरं म्हणजे अडीच महिन्यांचा. पाडव्याच्या आगेमागे पहिल्या पेट्या सुटतात, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात फोन खाली ठेवायला उसंत नसते, आणि मेअखेर एखादी मोठी सर येऊन गेली की भाव गडगडतात, उरलासुरला आंबा कॅनिंगला जातो आणि शेडला कुलूप लागतं. पुढचे साडेनऊ महिने गिऱ्हाईक बागायतदाराला विसरलेलं असतं. त्यात त्याचा काही दोष नाही. नोव्हेंबरात आंब्याचं दुकान उघडून बघायचं तरी कशाला?

मी रत्नागिरीत राहून कोकणातल्या लहान विक्रेत्यांना वेबसाइट करून देते. आंबा, काजूगर, कोकम, आंबापोळी, अधूनमधून एखादं होमस्टे. येणारा माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतो, "ॲप पाहिजे." वेबसाइट म्हणजे जुनं झालं, ॲप म्हणजे धंदा वाढला, असा एक समज पक्का बसलेला आहे. पावसच्या पुढे ज्यांची बाग आहे ते काकाही असंच म्हणत आले. डोंबिवलीच्या पुतण्याने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. "प्ले स्टोअरवर आमचं नाव टाकलं की आलं पाहिजे, गो. बाकी तू काय ते बघ."

मी त्यांना त्यांचाच फोन उघडायला सांगितला. व्हॉट्सॲप, यूट्यूब, बँकेचं ॲप, कालनिर्णय, नातवाने टाकलेला एक खेळ. आणि वरती पट्टी: फोनमध्ये जागा शिल्लक नाही. रोज सकाळी सुप्रभातची चित्रं पुसण्यात त्यांची पंधरा मिनिटं जातात, हे त्यांनीच हसत सांगितलं. मग मी विचारलं, कोथरूडच्या ज्या बाई दर वर्षी तुमच्याकडून दोन पेट्या घेतात, त्यांनी तुमचं ॲप वर्षभर फोनमध्ये का ठेवावं?

"आंबा चांगला आहे म्हणून," काका म्हणाले.

आंबा चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण चांगल्या आंब्यासाठी माणूस काय काय करेल याला मर्यादा आहे. दुकानाची लिंक दाबल्यावर आंबा न दिसता प्ले स्टोअर दिसलं, मग डाउनलोड, मग नाव-नंबर, मग ओटीपी, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, की संपलं. मागणी गेली ती गेलीच. शेजारच्या बाईंनी ज्याच्याकडून मागवली त्याच्याकडे गेली.

काकांना मी जे करून दिलं त्याला प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात. आमच्या कामात पीडब्ल्यूए. ती असते वेबसाइटच. लिंक दाबली की ब्राउझरमध्ये उघडते, काही उतरवून घ्यावं लागत नाही. मात्र तिच्यासोबत दोन फायली जास्तीच्या असतात. एक मॅनिफेस्ट: दुकानाचं नाव, आयकॉन, रंग, उघडल्यावर ब्राउझरची पत्त्याची पट्टी दिसावी की नाही, एवढीच माहिती त्यात. दुसरी सर्व्हिस वर्कर, आणि खरी गंमत तिच्यात आहे. ही पेढीवरच्या जुन्या दिवाणजीसारखी वागते. मालक जागेवर नसला तरी काय वहीत बघून सांगायचं आणि कशासाठी "थांबा, विचारून सांगतो" म्हणायचं, हे तिला शिकवता येतं. पान उघडताना लागणारी प्रत्येक गोष्ट, चित्र असो वा भाव, आधी तिच्या हातातून जाते. फोनमध्ये साठवलेली द्यायची की नेटवरून ताजी आणायची, हे ती ठरवते. साइट https वर असली पाहिजे, एवढी अट. गिऱ्हाइकाला आवडलं तर तो होम स्क्रीनवर आयकॉन ठेवतो आणि मग ते ॲपसारखंच पूर्ण पडद्यावर उघडतं. नाही ठेवला तरी आंबे मागवता येतात.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती लिंक. आमच्याकडची घरपोच विक्री चालते सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुणीतरी एक उत्साही काकू किंवा निवृत्त गृहस्थ पुढाकार घेतात, "रत्नागिरीहून थेट येताहेत, कुणाला हवेत?" आणि खाली लिंक डकवतात. ती दाबली की दोन-तीन सेकंदांत पेटी, फळाचं वजन आणि भाव दिसला पाहिजे. पहिल्यांदा उघडताना एका मेगाबाइटच्या आत सगळं बसवायचं म्हणून मी काकांनी पाठवलेले बागेचे फोटो इतके आवळले की त्यांना वाईट वाटलं. चार-पाच एमबीचा एकेक फोटो होता, मोहोरासकट. मोहोर गेला, एक आंबा राहिला. दुसऱ्यांदा येणाऱ्याला तर लोगो, फोटो, अक्षरं, घरी आंबा अढीत कसा पिकवायचा त्याची टीप, हे सगळं फोनमधूनच मिळतं. नेटवरून येतो तो फक्त भाव.

पीडब्ल्यूएचं हे सगळं सुरू झालं तेव्हा, २०१५ साली, मी पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. त्या वर्षी फ्लिपकार्टने मोबाइलवरची वेबसाइट बंद करून लोकांना ॲपकडे वळवलं आणि मिंत्राने मे महिन्यात सगळाच कारभार ॲपवर नेला. आमच्याकडे चहाच्या टेबलावर एकच सूर होता, वेबचा बाजार उठला. त्याच जूनमध्ये ॲलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरिमन यांनी प्रोग्रेसिव्ह वेब ॲपची कल्पना नावानिशी मांडली, आणि नोव्हेंबरात फ्लिपकार्ट 'फ्लिपकार्ट लाइट' घेऊन ब्राउझरमध्ये परत आलं. मिंत्रानेही पुढच्या वर्षी वेबसाइट पुन्हा उघडली. (याच्याही आधीची गोष्ट म्हणजे २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी बाहेरच्या लोकांना सांगितलं होतं, तुमची ॲप्स वेबवरच करा. वर्षभरात ॲप स्टोअर आलं. या धंद्यात ठाम बोलणाऱ्यांचं मी फार मनावर घेत नाही.)

फ्लिपकार्ट लाइटचे आकडे गूगलने प्रसिद्ध केले होते आणि आजही विक्रीच्या प्रत्येक सादरीकरणात ते भेटतात: होम स्क्रीनवरच्या आयकॉनवरून आलेल्यांमध्ये खरेदीचं प्रमाण ७० टक्क्यांनी जास्त, साइटवर घालवलेला वेळ ७० सेकंदांवरून साडेतीन मिनिटांवर, डेटा एक तृतीयांश. आकडे खरे आहेत. पण पहिला आकडा मी काकांना मुद्दाम सांगितला नाही. जो माणूस तुमचा आयकॉन फोनवर ठेवतो, तो आधीच तुमचा झालेला असतो. तो जास्त खरेदी करणारच. आयकॉनमुळे खरेदी वाढली की खरेदी करणाऱ्यांनी आयकॉन ठेवला, हे त्या आकड्यातून उलगडत नाही. डेटाचा मुद्दाही सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर आपल्याकडे बराच बोथट झाला. जागेचा आणि लोकांच्या धीराचा मात्र नाही.

भावावरून आमची बैठक लांबली. आंब्याचा भाव रोज बदलतो. फळ २५० ग्रॅमचं की ३०० चं, वाशीला आवक किती, कर्नाटकचा आंबा किती उतरला, यावर सकाळी काका भाव ठरवतात. आता समजा लोकलमध्ये बसलेल्या गिऱ्हाइकाने बोगद्यात दुकान उघडलं. सर्व्हिस वर्कर फोनमधलं पान देईल, पण त्यावर भाव कुठला? कालचा. पुष्कळ ठिकाणी असा जुना भाव बिनदिक्कत दाखवतात आणि पैसे भरायच्या पानावर तो गुपचूप बदलतो.

काकांना हे अजिबात चालेना. "मी काल एक बोललो आणि आज दुसरं, असं गिऱ्हाइकाला वाटता कामा नये." मग भाव लपवू का? तर तेही नको. भाव न लिहिलेल्या दुकानात कोण शिरतं? शेवटी असं ठरलं की रेंज नसेल तर भावाखाली तारीख-वेळ येईल, 'काल सायंकाळी ७ चा भाव' अशी, आणि मागणी नोंदवता येईल पण तिला 'नोंदवली' म्हणायचं नाही. 'रेंज आल्यावर पाठवू' असं पडद्यावर राहील. मागणी पोचेपर्यंत भाव बदलला असेल तर नवा भाव दाखवून पुन्हा विचारायचं, आणि गिऱ्हाइकाने हो म्हटल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत. भाव उतरला असेल तर? "तर काय विचारायचंय? कमी लाव," काका म्हणाले. ही ओळ मी जशीच्या तशी प्रोग्रॅममध्ये उतरवली.

ऑफलाइन चालणारं दुकान हा पीडब्ल्यूएचा गाजवला जाणारा फायदा. माझ्या अनुभवात गिऱ्हाइकाच्या बाजूला त्याचं महत्त्व मध्यम आहे. पुण्या-मुंबईत रेंज जाते ती मिनिटभर, मग येते. रेंज खरी नसते ती आमच्या बाजूला.

काकांची पॅकिंगची शेड बागेच्या मध्यावर, घरापासून खाली उतारावर. तिथे फोनला एक काडी मिळते, तीही फणसाच्या बुंध्याशी उभं राहिलं तर. शेडचा सगळा कारभार काकांच्या सुनेकडे, वहिनींकडे. पूर्वी घरी आलेल्या मागण्या काका कागदावर उतरवून खाली पाठवत. दुपारून आलेल्या मागण्यांसाठी एक गडी वर-खाली करी. ठाण्याची पेटी नाशिकच्या टेम्पोत चढली की रात्री फोनाफोनी. दुकानाच्या त्याच साइटमध्ये मी वहिनींसाठी पॅकिंगचं एक पान केलं. सकाळी घरच्या वायफायवर ते एकदा उघडायचं. दिवसाची यादी फोनमध्ये उतरते. मग शेडमध्ये रेंज असो-नसो, आयकॉन दाबला की यादी समोर. पेटी भरली, खूण केली, की ती फोनमध्येच नोंदून राहते. टेम्पो चढावर डांबरी रस्त्याला लागला आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्या गड्याच्या फोनला रेंज आली की त्यातल्या खुणा आपोआप वर जातात, आणि कोथरूडच्या बाईंना 'तुमची पेटी निघाली' असा निरोप पोचतो.

सांगायला दोन ओळींचं काम, पण ते जमायला वहिनींच्या शेजारी पेंढ्यावर बसावं लागलं. आंबा झेल्याने देठासकट उतरवतात, पण हाताळताना देठ तुटला की चीक येतो. तो चीक सालीला लागला तर डाग, कातडीला लागला तर भाजतं. वहिनींच्या बोटांना सतत चीक किंवा पाणी. त्या बोटांनी फोनच्या तडा गेलेल्या काचेवर छोटं बटण दाबलं तर एकतर लागत नाही किंवा दोनदा लागतं. त्या अंगठ्याच्या मागच्या बाजूने दाबायच्या. म्हणून प्रत्येक पेटीची पट्टी मी पडद्याच्या पूर्ण रुंदीची केली, एका वेळी पाचच दिसतील एवढी उंच, आणि खूण चुकली तर त्याच पट्टीवर दाबून ठेवायचं. दिसायला ते पान अगदीच गावठी आहे. माझ्या कामाचे नमुने बघणाऱ्यांना मी ते दाखवत नाही, पण मला ते आवडतं.

दुसरी भानगड दोन फोनांची. वहिनी आणि गडी दोघेही खुणा करणार, दोघांचेही फोन एकमेकांशी न बोलता. दोघांनी एकच पेटी 'भरली' म्हटली तर ती दोन पेट्या म्हणून मोजली जाऊ नये. यावर उपाय साधा: मागणी आली की प्रत्येक पेटीला तेव्हाच क्रमांक मिळतो, आणि तोच खोक्यावर मार्करने लिहितात. एकदा भरलेली पेटी दहा वेळा भरली म्हटलं तरी ती एकच. मुंबईचा एखादा वास्तुविशारदी थाटाचा सॉफ्टवेअरवाला याला भारदस्त नाव देईल. वहिनी म्हणतात, "नंबर बघा नि टाका."

इथे एक सांगायला हवं. रेंज आल्यावर पान बंद असतानाही नोंदी आपोआप पाठवण्याची सोय अँड्रॉइडवर क्रोममध्ये आहे, आयफोनच्या सफारीत नाही. शेडमध्ये सगळे फोन अँड्रॉइड, त्यामुळे आमचं भागलं. गिऱ्हाइकांचं तसं नाही. आयफोनवर सर्व्हिस वर्कर आला मार्च २०१८ मध्ये, आयओएस ११.३ सोबत, नोटिफिकेशन तर मार्च २०२३ च्या १६.४ पर्यंत नव्हतंच, आणि तेही आयकॉन होम स्क्रीनवर ठेवला असेल तरच. अँड्रॉइडवर दुकान स्वतः विचारू शकतं, 'फोनवर ठेवू का?' आयफोनवर गिऱ्हाइकाला शेअरचं बटण शोधून खाली सरकत जाऊन 'होम स्क्रीन'ची ओळ गाठावी लागते. मी तीन चित्रांची एक सूचना केली आहे. बघणारे थोडे, करणारे त्याहून थोडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलने युरोपीय संघात ही होम स्क्रीनची सोयच काढून घेण्याचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मार्चच्या सुरुवातीला निर्णय फिरवला. आमचा एकही आंबा तिकडे जात नाही, तरी ते दोन-तीन आठवडे मी बातम्या बारकाईने वाचत होते. आपलं दुकान ब्राउझरवाल्यांच्या जागेवर उभं आहे, हे अशा वेळी लख्ख कळतं.

रील बघता बघता दाबलेली लिंक त्या ॲपच्या पोटातल्याच ब्राउझरमध्ये उघडते, हीदेखील एक डोकेदुखी. तिथे आयकॉन ठेवता येत नाही आणि तिथे भरलेली पिशवी बाहेरच्या ब्राउझरमध्ये दिसत नाही. म्हणून अशा ठिकाणी वर एक ओळ येते, 'क्रोममध्ये उघडा'. याहून चांगलं मला काही सुचलेलं नाही.

नोटिफिकेशनवरून पुतण्याशी वाजलं. त्याला रोज सकाळी एक निरोप हवा होता: आजचा भाव, मधूनच पाडव्याच्या शुभेच्छा, जुलैत पावसाच्याही. मी नाही म्हटलं. साइट उघडल्या उघडल्या 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारणाऱ्या दुकानांनी लोकांना इतकं पिडलं की २०२० मध्ये क्रोमने ती विचारणाच दबक्या आवाजात करण्याची सोय आणली. एकदा 'नको' म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारायची संधी जवळपास नसते. आम्ही विचारतो ते पैसे भरून झाल्यावर, आणि विचारतो ते एवढंच: पेटी निघाली की कळवू का? याला नाही म्हणणारे कमी. पुढच्या मार्चमध्ये त्याच वाटेने एक निरोप जातो: पहिली तोड सुरू झाली. वर्षभरात त्या माणसाला आमच्याकडून तेवढाच त्रास. हंगाम संपल्यावर कुणी आयफोनवरून आयकॉन काढला असेल तर त्याला हा निरोप जात नाही, त्यासाठी व्हॉट्सॲप आहेच, आणि लिंक तीच.

खर्चाचं सांगते, कारण काकांनी शेवटी मान डोलावली ती खर्चावर. अँड्रॉइड आणि आयफोन अशी दोन वेगळी ॲप्स म्हणजे कामाची दोन बिलं. वर गूगलचे नोंदणीचे एकदाच २५ डॉलर, ॲपलचे दर वर्षी ९९, आंबा पिको न पिको. शिवाय प्ले स्टोअर दर वर्षी ॲप नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायला लावतं. न जुळवलं तर नव्या फोनवाल्या नव्या गिऱ्हाइकांना ते सापडेनासं होतं. अडीच महिन्यांच्या दुकानाची ही बाराही महिने चालणारी डागडुजी. मात्र ॲपवाल्यांवर अन्याय नको: भाव बदलायला ॲपलाही नवी आवृत्ती लागत नाही, तो सर्व्हरवरूनच येतो. फरक पडतो तो काही बिघडल्यावर. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी पेमेंटचं पान अडलं तर वेबवर दुरुस्ती चढवली की पुढच्या उघडण्याला बहुतेकांना ती मिळते. ॲपची नवी आवृत्ती तपासून मंजूर होईपर्यंत आणि लोक ती उतरवून घेईपर्यंत तृतीया होऊन जाईल.

ज्यांचं गिऱ्हाईक रोजचं आहे, दूध, भाजी, किराणा, त्यांना मी ॲप करू नका असं सांगत नाही. त्यांचा आयकॉन लोक ठेवतातच. ब्लूटूथच्या वजनकाट्याशी किंवा लेबलच्या प्रिंटरशी बोलणारं काही हवं असेल तर वेबवर हात आखडतो, विशेषतः आयफोनवर. पण हंगामी माल विकणारे, दिवाळीच्या फराळावर वर्ष काढणारे बचत गट, वर्षातून दोनदा चपला विकत घेणाऱ्यांवर जगणारे कारागीर यांच्या दारात आलेल्याला आधी ॲप उतरवायला लावणं मला पटत नाही.

पुतण्याचं प्ले स्टोअरचं वेड मात्र जाईना. तेव्हा त्याला सांगितलं की हीच साइट एका पातळ वेष्टनात घालून प्ले स्टोअरवर ठेवता येते. २०१९ पासून अँड्रॉइडवर तशी सोय आहे, आतलं दुकान तेच राहतं, दुहेरी काम पडत नाही. तो हरखला. मग पुढची अट सांगितली. व्यक्तीच्या नावाने नवीन खातं काढणाऱ्याला गूगल आधी माणसं गोळा करून सलग १४ दिवस चाचणी घ्यायला लावतं. पूर्वी २० जण लागत, आता १२. ते काम मी त्याच्याकडेच सोपवलंय. परवा त्याने पाठवलेल्या यादीत त्याच्या ऑफिसातले काही जण आहेत, दोन मामा आहेत, आणि शेजारच्या बागेचे मालकही आहेत. त्यांचा मला काल फोन आला होता. त्यांनाही ॲप पाहिजे.